टास्कबारवरील लपलेले आयकॉन कसे दाखवावेत आणि त्यांपैकी कोणते समोर ठेवावेत

विंडोज संगणकाच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या, म्हणजे टास्कबारच्या, उजव्या टोकाला घड्याळाच्या शेजारी लहान आयकॉनांची एक रांग असते. आवाज, वाय-फाय आणि बॅटरी यांचे आयकॉन तेथे बहुधा सगळ्यांना दिसतात. अँटिव्हायरस, वनड्राइव्ह (फाइली इंटरनेटवर साठवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय), ब्लूटूथ, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची सोय असे इतर बरेच आयकॉन मात्र तेथे असूनही दिसत नाहीत, कारण विंडोज त्यांना वरच्या दिशेला तोंड असलेल्या एका लहान बाणामागे ठेवते. ‘कालपर्यंत आयकॉन होता, आज गेला’ अशी तक्रार जेव्हा केली जाते, तेव्हा बहुतेक वेळा तो आयकॉन गेलेला नसून या बाणामागे सरकलेला असतो, आणि तो परत आणण्यासाठी कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

या जागेला मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कागदपत्रांत नोटिफिकेशन एरिया म्हटले आहे, तर वापरणारे तिला सिस्टिम ट्रे म्हणतात. विंडोज १०च्या सेटिंग्जमध्ये पहिले नाव दिसते आणि विंडोज ११मध्ये दुसरे, त्यामुळे शोधताना दोन्ही लक्षात असावीत.

आयकॉन मुळात का लपतात

टास्कबार आणि त्याच्या कोपऱ्यातील ही जागा 1995 साली विंडोज ९५बरोबर आली. पुढे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम आपला आयकॉन तेथे लावू लागला आणि ती रांग इतकी लांबली की खुल्या विंडोंसाठी पट्टीवर जागा उरेना. म्हणून 2001 सालच्या विंडोज एक्सपीने काही काळ न वापरलेले आयकॉन आपोआप झाकण्यास सुरुवात केली. 2009 सालच्या विंडोज ७ने त्याही पुढचा नियम लावला. नवीन प्रोग्रॅमचा आयकॉन आधी बाणामागेच जाणार, आणि तो बाहेर आणायचा की नाही हे प्रोग्रॅम न ठरवता वापरणारा ठरवणार. आजही हाच नियम लागू आहे आणि तो योग्य आहे असे मला वाटते, कारण हा निर्णय प्रोग्रॅमच्या हाती असता तर प्रत्येकाने स्वतःला पहिल्या रांगेत बसवले असते. मात्र या नियमामुळे निवड करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती कशी करायची हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

आणखी एक गोष्ट येथेच समजून घेतली की पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. एखादा आयकॉन कोणाचा आहे हे विंडोज मुख्यतः त्या प्रोग्रॅमची फाइल डिस्कवर कोठे आहे यावरून ओळखते. काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटच्या वेळी स्वतःला नव्या फोल्डरमध्ये बसवतात. मग विंडोजच्या दृष्टीने तो एक नवीन प्रोग्रॅम ठरतो आणि त्याचा आयकॉन पुन्हा बाणामागे जातो. आपण एकदा बाहेर काढलेला आयकॉन काही आठवड्यांनी पुन्हा नाहीसा होण्यामागे बहुधा हेच कारण असते.

विंडोज ११मध्ये

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे याची खात्री नसेल तर सेटिंग्ज उघडून सिस्टिम आणि त्यातील अबाउट हे पान पाहावे. स्टार्टचे बटण पट्टीच्या मध्यभागी असेल तर ते विंडोज ११ आहे असे समजण्यास हरकत नाही. ते डावीकडे असेल तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, कारण विंडोज ११मध्येही ते डावीकडे नेता येते.

सर्वांत सोपा मार्ग माउसने ओढण्याचा आहे. घड्याळाजवळच्या बाणावर क्लिक केले की एक लहान चौकट उघडते आणि तिच्यात लपलेले आयकॉन दिसतात. हवा असलेला आयकॉन माउसच्या डाव्या बटणाने धरून पट्टीवर, बाणाच्या शेजारी आणून सोडावा. तो तेथेच राहतो. नको असलेला आयकॉन अशाच प्रकारे उलट ओढून चौकटीत टाकता येतो, आणि पट्टीवरील आयकॉनांचा क्रमही ओढूनच बदलता येतो. एक-दोन आयकॉनांचा प्रश्न असेल तर एवढे पुरेसे आहे.

सगळे आयकॉन एकदा नीट पाहून निवड करायची असेल, तर सेटिंग्जच्या मार्गाने जावे:

१. टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज निवडावे. ते जमत नसेल तर कीबोर्डवरील विंडोजची कळ धरून आय दाबावे, मग पर्सनलायझेशन आणि त्यातील टास्कबार उघडावे.

२. उघडलेल्या पानावर ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’ ही ओळ शोधून तिच्यावर क्लिक करावे. 2021च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पहिल्या विंडोज ११मध्ये याच ओळीचे नाव ‘टास्कबार कॉर्नर ओव्हरफ्लो’ असे होते. ज्यांनी संगणक अद्ययावत केलेला नाही त्यांना ते जुने नाव दिसेल.

३. आता प्रोग्रॅमांची यादी उघडते आणि प्रत्येक नावासमोर एक स्विच असतो. तो चालू केला की आयकॉन पट्टीवर कायम दिसतो आणि बंद केला की बाणामागे जातो. बदल लगेच लागू होतो, त्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नसते.

या यादीतील एका नावामुळे हमखास गोंधळ होतो. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क सुरक्षितपणे काढण्याचा जो आयकॉन आहे, तो येथे त्याच्या कामाच्या नावाने न सापडता ‘विंडोज एक्सप्लोरर’ या नावाखाली सापडतो, कारण तो दाखवण्याचे काम तोच प्रोग्रॅम करतो. एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर शेजारचे चित्र पाहून ओळखावे. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांची नावेही या यादीत काही काळ रेंगाळतात. त्यांच्यामुळे काही बिघडत नाही. याउलट, एखाद्या नव्या प्रोग्रॅमचे नाव यादीत नसेल तर त्याने अजून एकदाही आयकॉन लावलेला नाही असा त्याचा अर्थ आहे. तो प्रोग्रॅम आधी सुरू करावा आणि मग यादी पुन्हा पाहावी.

याच यादीत ‘हिडन आयकॉन मेनू’ नावाचा आणखी एक स्विच आहे आणि तो सर्वांत जपून हाताळण्याचा आहे. तो बंद केला की पट्टीवरचा बाणच नाहीसा होतो. नावावरून अनेकांना असे वाटते की लपवण्याची सोय बंद केल्यावर सगळे आयकॉन बाहेर येतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. ज्यांचे स्विच बंद आहेत ते आयकॉन बाहेरही येत नाहीत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बाणही उरत नाही. प्रोग्रॅम पडद्यामागे चालू राहतात, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत. म्हणून बाणच दिसत नसेल तर इतर काही करण्याआधी हा स्विच तपासून तो चालू करावा, आणि पुढे तो चालूच ठेवावा असा माझा आग्रह आहे.

सगळे आयकॉन एका झटक्यात बाहेर आणणारा एकच स्विच विंडोज १०मध्ये होता, विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये तो ठेवलेला नाही. प्रत्येक आयकॉनसाठी वेगळा स्विच चालू करावा लागतो आणि नंतर नवीन प्रोग्रॅम घातला की त्याच्यासाठीही पुन्हा तेच करावे लागते. इंटरनेटवर यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली अंतर्गत सेटिंग्ज जेथे साठवते त्या नोंदींत, बदल करण्याचे अनेक उपाय सांगितलेले आढळतात. त्यांतील बरेचसे विंडोज ११च्या पहिल्या आवृत्तीवर चालत होते आणि 2022 सालच्या मोठ्या अपडेटनंतर निरुपयोगी ठरले. ज्याला रजिस्ट्रीची सवय नाही त्याने केवळ आयकॉनांसाठी तिच्यात हात घालू नये.

नेटवर्क, आवाज आणि बॅटरी हे तीन आयकॉन विंडोज ११मध्ये मिळून एकच बटण झाले आहेत आणि त्यांना वेगवेगळे लपवता किंवा दाखवता येत नाही. पेन, स्पर्शाचा कीबोर्ड आणि आभासी टचपॅड यांच्यासाठी मात्र त्याच पानावर ‘सिस्टिम ट्रे आयकॉन्स’ या नावाचा वेगळा गट आहे.

विंडोज १० आणि त्याआधी

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तरी ते अनेक घरांत आणि दुकानांत अजून चालू आहे. येथेही टास्कबारवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडावे आणि पान खाली सरकवत ‘नोटिफिकेशन एरिया’ या शीर्षकापर्यंत जावे. तेथे दोन दुवे आहेत. पहिल्या दुव्याने पट्टीवर कोणते आयकॉन दिसावेत याची यादी उघडते. तिच्या माथ्यावर असलेला ‘ऑलवेज शो ऑल आयकॉन्स’ हा स्विच चालू केला की सर्व आयकॉन बाहेर येतात आणि बाण निघून जातो. दुसऱ्या दुव्याने घड्याळ, आवाज, नेटवर्क, पॉवर, टायपिंगची भाषा, मायक्रोफोन असे विंडोजचे स्वतःचे आयकॉन चालू किंवा बंद करता येतात. टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते, त्यामुळे त्यावर पॉवरचा स्विच फिका आणि निकामी दिसतो. तो बिघाड नव्हे. बाणामागून आयकॉन ओढून बाहेर आणण्याची सोय विंडोज १०मध्येही आहे.

विंडोज ७मध्ये बाणावर क्लिक केल्यावर खाली ‘कस्टमाइझ’ असा दुवा दिसतो. त्यात प्रत्येक आयकॉनसाठी तीन पर्याय असतात, म्हणजे आयकॉन आणि सूचना दोन्ही दाखवणे, दोन्ही लपवणे किंवा फक्त सूचना दाखवणे. तळाशी सर्व आयकॉन कायम दाखवण्याची चौकट आहे.

माउसशिवाय

माउस बंद पडला असेल, किंवा दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने काम करत असेल, तर विंडोजची कळ आणि बी ही जोडी उपयोगी पडते. ती दाबल्यावर कीबोर्डचा रोख थेट सिस्टिम ट्रेवर जातो. बाणावर रोख असताना एंटर दाबले की लपलेल्या आयकॉनांची चौकट उघडते, बाणांच्या कळांनी एकेका आयकॉनवर जाता येते, आणि शिफ्टसह एफ१० दाबले की राइट क्लिकचा मेनू येतो. एनव्हीडीएसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक आयकॉनचे नाव वाचून दाखवते. जे प्रोग्रॅम केवळ ट्रेमधूनच हाताळता येतात त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची हीच वाट आहे, त्यामुळे संगणक शिकवणाऱ्यांनी ही जोडी पहिल्या काही धड्यांतच सांगावी.

कोणते आयकॉन समोर ठेवावेत

सगळेच दाखवणे हा उत्तम उपाय आहे असे मला वाटत नाही. पंधरा आयकॉन एका रांगेत दिसू लागले की डोळा त्यांतील एकाही आयकॉनाकडे लक्ष देत नाही. ज्या आयकॉनचे रूप बदलल्यावर आपल्याला काही करावे लागते, तो समोर असावा. जो वर्षभर सारखाच दिसतो, तो बाणामागे राहिला तरी चालतो.

या कसोटीवर विंडोज सिक्युरिटीची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाची, ढाल सर्वांत आधी येते. तिच्यावर हिरवी खूण असेल तर सगळे ठीक आहे, पिवळा त्रिकोण असेल तर काहीतरी लक्ष देण्यासारखे आहे आणि लाल फुली असेल तर तातडीने पाहण्याची गरज आहे. ही ढाल लपलेली असेल तर संरक्षण बंद पडल्याची खूण समोर राहत नाही. त्यानंतर वनड्राइव्ह किंवा तत्सम साठवणीचा आयकॉन येतो. त्याच्यावर फिरणारे बाण दिसत असताना फाइल चढवण्याचे काम चालू असते, आणि त्या अवस्थेत लॅपटॉप बंद करून दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडली तर जुनी प्रत मिळण्याची शक्यता असते. पेन ड्राइव्ह काढण्याचा आयकॉनही बाहेर असावा. 2018 सालापासून विंडोज १०मध्ये पेन ड्राइव्ह पटकन काढता येईल अशी मूळ व्यवस्था आहे हे खरे, पण फाइल लिहिली जात असताना ड्राइव्ह ओढून काढण्याचा धोका त्यामुळे टळत नाही.

दुरून दुसऱ्याचा संगणक चालवण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर ज्यांच्या संगणकावर आहे, त्यांनी त्याचा आयकॉन आवर्जून समोर ठेवावा. बँकेचा किंवा कंपनीचा माणूस असल्याचे भासवून असे सॉफ्टवेअर घालायला लावणे ही फसवणुकीची परिचित पद्धत आहे. फोन ठेवल्यानंतरही ते सॉफ्टवेअर पडद्यामागे चालूच राहू शकते, आणि विंडोची फुली दाबल्याने ते बंद होतेच असे नाही. अनेक प्रोग्रॅम फुली दाबल्यावर केवळ ट्रेमध्ये जाऊन बसतात. अशा आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट किंवा क्विट निवडले म्हणजे तो सहसा खरा बंद होतो. घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या संगणकावर बाण उघडून आत काय बसले आहे हे अधूनमधून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. मात्र दुष्ट हेतूने घातलेला प्रोग्रॅम आयकॉन न लावताही चालू शकतो. ट्रे रिकामा आहे म्हणून संगणक सुरक्षित आहे असे समजू नये. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी टास्क मॅनेजर या विंडोजच्याच सोयीत दिसते, ती कशी उघडायची ते पुढे सांगितले आहे.

मायक्रोफोनचा आयकॉन मात्र आपण निवडण्याचा प्रश्न नाही. एखादा प्रोग्रॅम मायक्रोफोन वापरू लागला की तो आपोआप पट्टीवर येतो, आणि त्याच्यावर माउस नेला की कोणता प्रोग्रॅम ऐकत आहे ते कळते.

मराठी टायपिंगचा आयकॉन

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक आयकॉन रोज लागतो, तो म्हणजे टायपिंगची भाषा दाखवणारा. विंडोजमध्ये एकापेक्षा अधिक कीबोर्ड जोडलेले असतील तरच तो दिसतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड फार पूर्वीपासून आहे आणि मराठीचा ध्वन्यात्मक कीबोर्ड 2019 सालच्या मे महिन्यातील विंडोज १०च्या अपडेटपासून मिळू लागला. कीबोर्ड जोडूनही आयकॉन दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग आणि त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडावे. विंडोज १०मध्ये तिथवर जाण्याचा मार्ग किंचित वेगळा आहे, पण सेटिंग्जच्या शोधपेटीत हे नाव टाकले की ते सापडते. तेथे डेस्कटॉप लँग्वेज बार वापरण्याची चौकट असते. तिच्यावर खूण असेल तर भाषेचा नेहमीचा आयकॉन जातो आणि त्याच्या जागी जुन्या पद्धतीची भाषापट्टी येते, जी कधी तरंगत राहते तर कधी लपवलेली असते. ती खूण काढून पाहावी. आयकॉन दिसत नसतानाही विंडोजची कळ आणि स्पेसबार यांनी भाषा बदलता येते.

तरीही आयकॉन दिसत नसेल तर

प्रथम तो प्रोग्रॅम चालू आहे की नाही हे पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथे प्रोग्रॅमचे नाव नसेल तर प्रश्न ट्रेचा नसून प्रोग्रॅम सुरूच न होण्याचा आहे, आणि टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीत तो बंद करून ठेवलेला आहे का ते तपासावे. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून कोणीतरी ती यादी सरसकट बंद करतो आणि विंडोज सिक्युरिटीची ढाल नाहीशी होते, असा प्रकार वारंवार आढळतो. संरक्षण स्वतः चालू असते, त्याचा आयकॉन तेवढा जातो. यादीत ‘विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन’ पुन्हा चालू केला की संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत येतो.

प्रोग्रॅम चालू असेल तर त्याची स्वतःची सेटिंग्ज पाहावीत. ट्रेमध्ये आयकॉन दाखवायचा की नाही याचा पर्याय अनेक प्रोग्रॅमांत असतो.

तेथेही सगळे ठीक असेल तर टास्क मॅनेजरच्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून त्यावर राइट क्लिक करावे आणि रीस्टार्ट निवडावे. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते. त्याआधी एखाद्या मोठ्या फोल्डरची कॉपी चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी, कारण एक्सप्लोररबरोबर तीही थांबते. वर्ड किंवा एक्सेलमधील उघड्या फाइलींना मात्र धक्का लागत नाही. पट्टी नव्याने तयार झाल्यावर विंडोज सर्व प्रोग्रॅमांना तसे कळवते आणि नीट लिहिलेले प्रोग्रॅम आपला आयकॉन पुन्हा लावतात. काही जुने प्रोग्रॅम ही सूचना ऐकतच नाहीत, त्यांना बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

याच्या उलट प्रकारही घडतो. अचानक बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा आयकॉन पट्टीवर तसाच राहतो, पण माउस त्याच्यावर नेताच तो निघून जातो. आयकॉन पाहूनच प्रोग्रॅम चालू आहे असे गृहीत धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दोन पडदे जोडलेले असतील तर ट्रेमधील आयकॉन फक्त मुख्य पडद्यावर दिसतात. ते दुसऱ्या पडद्यावर हवे असतील तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये त्या पडद्याला मुख्य करावे. संपूर्ण पट्टीच दिसेनाशी होत असेल तर टास्कबार आपोआप लपवण्याचा पर्याय चालू असतो, आणि विंडोज ११मध्ये तो टास्कबार सेटिंग्जमधील ‘टास्कबार बिहेवियर्स’ या गटात सापडतो.

आयकॉनांची ही निवड प्रत्येक युजर खात्यासाठी स्वतंत्रपणे साठवली जाते. एकाच संगणकावर घरातील तिघांची तीन खाती असतील तर तिन्ही खात्यांत वेगवेगळे लॉग-इन करून ती करावी लागते. कार्यालयातील संगणकावर हे पर्याय उपलब्धच नसतील, किंवा पूर्ण ट्रेच गायब असेल, तर तेथील तंत्रज्ञांनी ग्रुप पॉलिसीद्वारे, म्हणजे अनेक संगणकांना एकत्र लावलेल्या नियमांद्वारे, ते नियंत्रित केलेले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी स्वतः उपाय करत न बसता, कोणता आयकॉन कोणत्या कामासाठी लागतो हे लिहून त्यांच्याकडेच मागणी करावी.